जावयाचा टर्बो

किस्से साचायला फार काही लागत नाही. एक बिघडलेली गाडी, एक लाकडी बाकडं आणि घरी लवकर जायची इच्छा नसलेली तीन माणसं, एवढं पुरतं. धारूरच्या घाटाच्या तोंडाशी रफीक मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं हा सगळा माल बारा महिने मिळतो.

मी निवृत्त कारकून. अडतीस वर्षं टिपण्या लिहिल्या, शेरे मारले, कागद पुढं सरकवले. पण शेवटची सही माझी कधीच नव्हती, ती साहेबांची. त्यामुळं मला झोप चांगली लागायची. आता सकाळचा पेपर संपला की मी रफीकच्या बाकड्यावर जाऊन बसतो. शेजारी नामदेवतात्या, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आणि मधूनमधून बिरूअण्णा, ज्यांची मेंढरं घाटात चरतात आणि जे स्वतः आमच्या चहावर चरतात.

इथले किस्से मी वर्षानुवर्षं हसत ऐकले. गेल्या दिवाळीपासून मात्र मी ते घाबरून ऐकायला लागलो. कारण आमच्या जावयानं टर्बो किट मागवलं.

*

जावई, म्हणजे प्रशांतराव, माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर कामाला आहेत. माझी मुलगी मंजू आणि पाच वर्षांची नात जुई यांना घेऊन दर रविवारी ते आमच्याकडं येतात. गाडी माझीच. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली, छोटी, पेट्रोलची. मी ती दोन महिने किल्ल्याच्या रस्त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये फिरवली, घाटात एकदाही नेली नाही, आणि मुलीला देऊन टाकली. आरसी बुक मात्र अजून माझ्या नावावर आहे.

दिवाळीला हे तिघं, चार पिशव्या आणि एक आकाशकंदील घेऊन गाडी घाट चढत होती. तिसऱ्या वळणावर ती दमली. मागून ऊस टाकून परत निघालेला ट्रॅक्टर आला, दोन रिकाम्या ट्रॉल्यांसकट. ट्रॅक्टरवाल्यानं शेजारून जाताना वाकून विचारलं, "दाजी, ढकलू का?"

प्रशांतरावांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज मयतीला आलेल्या माणसासारखा होता. "मामा, ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं."

पंधरा दिवसांनी माझ्या पत्त्यावर कुकरच्या आकाराचं एक खोकं आलं. त्यात टर्बो. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर एक भिंगरी फिरते, ती इंजिनात जादा हवा कोंबते, आणि इंजिन जास्त ओढतं. ही भिंगरी मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तापून लाल होते, असं सोबतच्या माहितीपत्रकात अभिमानानं छापलं होतं.

"मामा, गाडी तुमच्या नावावर हाय," प्रशांतराव म्हणाले. "तुमी हो म्हणा. मिस्त्री-बिस्त्री कायी लागत न्हाई. मी स्वतः बसवतो."

मी म्हणालो, आरटीओची परवानगी लागत असेल. ते म्हणाले, कोण बघतंय. मी म्हणालो, विम्याचं काय. ते म्हणाले, विमा अपघाताचा असतो, आपल्याला अपघात कुठं करायचाय.

ज्या माणसाला आपण धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवून ओवाळतो, त्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हणावं तर मागच्या सीटवर जुई बसलेली दिसत होती. मी अडतीस वर्षं जे केलं तेच केलं. म्हणालो, "रफीकचा अभिप्राय घेऊ."

*

रफीकच्या गॅरेजचा एक नियम आहे. ज्यानं शेवटचा पाना लावला, त्यानं पहिली चक्कर मारायची. घाट खाली उतरायचा, पायथ्याशी गाडी वळवायची, परत वर यायचं. एकट्यानं. ही चक्कर झाल्याशिवाय गिऱ्हाईकसुद्धा स्वतःच्या गाडीत बसत नाही. मालक आमदाराचा मेहुणा असला तरी बाकड्यावर बसून वाट बघतो.

हा नियम रफीकच्या वडिलांनी घातला. त्यांच्या काळात एका कंत्राटदाराची जीप दुरुस्तीला आली होती. काम झालं, वडिलांनी शेवटचा बोल्ट कसला आणि चक्कर मारायला निघाले. आम्ही तिघं तेव्हा तरुण होतो आणि याच बाकड्यावर होतो. तासाभरानं ते घाटातून चालत वर येताना दिसले. कपडे धुळीनं भरलेले, चाल शांत, हातात गिअरच्या दांड्याचा गोल गट्टू.

कंत्राटदारानं घाबरत विचारलं, "चाचा, गाडी?"

"है ना. नीचे है."

त्यांनी तो गट्टू कंत्राटदाराच्या हातात ठेवला, हात धुतले आणि जेवायला गेले. जीप वर काढायला दोन दिवस आणि एक जेसीबी लागला. पण त्या जीपमध्ये त्या दिवशी कंत्राटदाराची बायको-मुलं बसून परळीला जाणार होती. तो कंत्राटदार मरेपर्यंत ईदला रफीकच्या घरी यायचा.

*

माझी अडचण मी बाकड्यावर मांडली. नामदेवतात्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, जावई स्वतः बसवणार म्हणतो का? मी हो म्हणालो. तात्या म्हणाले, "मंग माझ्या वऱ्हाडाचं ऐका."

तात्या निवृत्तीनंतर एका खासगी बसवर वऱ्हाडं वाहायचे. बसच्या मालकाला हौस. त्यानं सिनेमातली चाल वाजवणारा पाच भोंग्यांचा हॉर्न आणला आणि कुणाला न विचारता स्वतः बसवला. हॉर्नला हवा लागते. मोठ्या गाडीत हवेची टाकी असतेच. त्यानं नळी तिथंच जोडली. ब्रेकलाही हवा त्याच टाकीतून जाते, हे त्याला माहीत नव्हतं आणि तात्यांना त्यानं सांगितलं नव्हतं.

घाट सुरू झाला. वळण आलं की तात्या हॉर्न मारायचे. वऱ्हाड खूष. मुलीचा मामा ड्रायव्हरच्या शेजारी बसून फर्माइश करत होता, "अजून एकदा, तात्या!" चौथ्या वळणावर तात्यांची नजर हवेच्या काट्यावर गेली. काटा झोपला होता.

"पायाखाली ब्रेक हाय का नुसती पायरी हाय, कळंना," तात्या म्हणाले. त्यांनी गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि बस डोंगराच्या बाजूच्या नालीत घासत घासत उभी केली. एक आरसा गेला, माणसं सगळी राहिली. तात्या स्टेअरिंगला कपाळ टेकून बसले. हात सुटत नव्हते.

तेवढ्यात मुलीच्या मामानं त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "तात्या, गाणं कावून बंद केलं?"

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. या किश्शाला ते कधीच हसत नाहीत, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

*

पुढच्या रविवारी प्रशांतराव खोकं घेऊन गॅरेजवर आले. रफीकनं एकेक भाग हातात घेऊन उन्हात धरून बघितला. तो कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही, म्हणून मला भीती वाटत होती. पण तो उठला आणि फळीवरचा एक गंजका डबा खाली घेऊन आला.

डब्यात नट, बोल्ट, वायसर. स्वतःची गाडी स्वतः खोलून परत जोडणाऱ्या लोकांकडं जे उरतं, ते या डब्यात जमा होतं. लोक आपणहून आणून देतात. घरात ठेवायची भीती वाटत असावी.

रफीकनं त्यातले चार लांब बोल्ट काढले. घाटनांदूरच्या एका गुरुजींनी सुट्टीत व्हिडिओ बघून आपल्या स्कूटरचं इंजिन खोललं आणि जोडलं. चार बोल्ट उरले. गुरुजी ते कागदात गुंडाळून रफीककडं आले आणि म्हणाले, कंपनीनं चुकून जास्त दिले होते, कुणा गरजूला द्या.

"मग स्कूटर?" प्रशांतरावांनी विचारलं.

"चालली की. अंबाजोगाईच्या अलीकडपर्यंत."

"आणि गुरुजी?"

रफीकनं बोल्ट डब्यात टाकले. "ते पलीकडं गेले. अंबाजोगाईला मोठा दवाखाना आहे."

प्रशांतराव माझ्याकडं बघून म्हणाले, मामा, मी गुरुजी नाही, मी टर्बाइनवर काम करतो. आमचा टर्बाइन हत्तीएवढा आहे. त्याच्यापुढं हे खेळणं आहे.

*

हे खेळणं आहे, हे मला पटावं म्हणून त्यांनी मला कारखान्यात टर्बाइन बघायला बोलावलं. मी गेलो. गाळप जोरात होतं. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून मी एका मोठ्या शेडमध्ये शिरलो. आवाज इतका की पोटातलं पाणी हलत होतं. भिंतीवर घड्याळासारखे वीस-पंचवीस काटे, त्यांच्याकडं टक लावून बघणारी तीन माणसं, एका जाडजूड वहीत दर तासाला नोंद करणारा एक जण. मला तो माणूस फार आवडला.

जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता. मी टर्बाइन नीट बघायला पट्ट्याच्या पुढं पाऊल टाकलं, तसं प्रशांतरावांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. जावयानं सासऱ्याला हात लावण्याचा आमच्या घरातला तो पहिलाच प्रसंग.

"तिकडं उभं ऱ्हायचं न्हाई, मामा."

"का?"

"बाजूला उभं ऱ्हायचं न्हाई, एवढंच. फिरतं चाक हाय. कदी काय..."

घरी येताना मंजू आणि जुईही निघाल्या, मी गाडीत मागं जुईच्या शेजारी बसलो. बॉनेटपासून तिच्या गुडघ्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. पिवळा पट्टा मारायला जागाच नव्हती.

*

बिरूअण्णांना गाडीतलं काही कळत नाही. त्यांनी आयुष्यात फक्त एसटी आणि बैलगाडी वापरली. पण घाटातला त्यांचा अभ्यास मोठा आहे. ते म्हणतात, मेंढरांना गाडी ओळखू येते. हॉर्न मारा, शिव्या द्या, बंपर लावा, मेंढरू रस्ता सोडत नाही. पण ब्रेक तापलेली गाडी वरून यायला लागली की दिसायच्या आधीच कळप उठतो आणि कड्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. वास लागतो की आवाज, ते अण्णांनाही माहीत नाही.

"दोनदा बगितलंय म्या," अण्णा म्हणाले. "दोनी टायमाला मागनं गाडी आली. येकदा ट्रक, येकदा टेम्पो."

"आणि?"

"आन काय. टेम्पोतली सिमेंटची पोती अजून हायेत खाली. दगड झाल्यात."

एवढं बोलून ते चहा प्यायले. कप ठेवताना, अगदी सहज, त्यांनी मला सांगितलं की परवाच्या रविवारी संध्याकाळी आमच्या जावयाची गाडी घाट उतरत होती, तेव्हा मेंढरं उठली होती.

मी तिथूनच प्रशांतरावांना फोन करून ब्रेक दाखवायला गाडी घेऊन यायला सांगितलं. टर्बो तर अजून खोक्यात होता.

रफीकनं त्याच आठवड्यात ब्रेक खोलून बघितले. पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. त्यानं नवे टाकले, नियमाप्रमाणे चक्कर मारून आला आणि प्रशांतरावांना एकच प्रश्न विचारला. "दामादसाहब, इंजिन घोड्याचं होईल. पण ब्रेक याच गाडीचे राहणार ना?"

प्रशांतराव म्हणाले, "मी सावकाश उतरन." मग म्हणाले, किटचे पैसे परत मिळत नाहीत. मग म्हणाले, कारखान्यात सगळ्यांना सांगून झालंय. शेवटचं कारण खरं होतं.

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. पण शेजारी मंजू उभी होती आणि चार माणसांत नवऱ्याचं काय होतंय ते बघत होती. मी म्हणालो, "मिस्त्रींचं म्हणणं विचारात घेऊन ठरवा." एवढं निरुपयोगी वाक्य मी नोकरीतही लिहिलं नव्हतं.

रफीक म्हणाला, "जागा माझी, पाने माझे. हात तुमचे. आणि नियम माझा."

"मंजूर," प्रशांतराव म्हणाले. "पहिली चक्कर माजी."

*

दोन रविवार ते काम चाललं. तिघं एसटीनं यायचे, मंजू आणि जुई घरी जायच्या, प्रशांतराव गॅरेजवर. आम्ही तिघं बाकड्यावर. एवढं शांत बाकडं मी कधी पाहिलं नाही. तात्या तंबाखू मळायचे आणि खायचं विसरायचे. प्रशांतराव मोबाईल पत्र्याला टेकवून व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, मागं न्यायचे, पुन्हा बघायचे. व्हिडिओतला माणूस परदेशी होता आणि त्याच्या मागं सपाट मैदान होतं.

दुसऱ्या रविवारी दुपारी काम संपत आलं. टर्बोला तेल नेणारी एक बारीक नळी होती, तिचा एवढाच नट राहिला होता. ही नळी गळली तर तेल कशावर पडणार, हे रफीकनं सकाळी सांगितलं होतं. एकदाच, हळू आवाजात. लाल झालेल्या लोखंडावर.

मंजू जुईला घेऊन डबा द्यायला आली होती. जुईनं विचारलं, "बाबा, गाडी झाली? बसू?"

प्रशांतरावांनी पाना नटाला लावला. लागेना. पुन्हा लावला. बाकड्यावरून आम्हाला तिघांनाही दिसत होतं की नटात काही खोट नाही. पान्याचं टोक हलत होतं.

ते उभे राहिले, कपाळ पुसलं आणि माझ्याकडं वळले. "मामा, शेवटचा नट तुमच्या हातानं होऊ द्या. मोठ्या माणसाचा हात लागलेला बरा असतो."

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. उठू नका, असा त्याचा अर्थ. बिरूअण्णा जमिनीकडं बघू लागले. नियम सगळ्यांना माहीत होता. प्रशांतरावांनाही होता, पण त्या क्षणी त्यांना तो आठवत होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांचे डोळे जुईवर होते.

अडतीस वर्षांत मी शेवटची सही कधी केली नाही.

मी उठलो. चष्मा लावला. पाना घेतला आणि रफीकनं थांब म्हणेपर्यंत तो नट कसला.

रफीकनं हात पुसले आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाला, "भाऊसाहेब, पहिली चक्कर तुमची."

"माझीच," मी म्हणालो. "चावी?"

मंजूनं मला "बाबा" म्हणून हाक मारली. प्रशांतरावांनी खिशातून चावी काढली, धरून ठेवली आणि मग दिली. मी ती शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी ठेवली. जुईचा हात धरला आणि तिला घेऊन चालत घरी गेलो.

त्याला आता चार महिने झाले, चक्कर अजून बाकी आहे. दर रविवारी घाटातून एसटी वर येते. आधी जुई उतरते, मग मंजू, मग पिशवी घेऊन प्रशांतराव. गॅरेजसमोरून येताना ते थांबतात, रफीकच्या आवारातल्या गाडीकडं बघतात आणि मला विचारतात. परवाही विचारलं.

"मामा, आज मारायची का चक्कर?"

मी उठून बघून आलो.

"आज नको," मी म्हणालो. "गाडीच्या सावलीला अण्णांची मेंढरं बसलीत."

"बरं," प्रशांतराव म्हणाले, आणि जुईला खांद्यावर घेतलं.